एका ग्लुकोजमधून एटीपी नक्की किती? 38, 36, 32 की 30?

सायली_ठाणे:
मंडळी, जीवशास्त्रवाल्यांची मदत हवीये. लेक यंदा दहावीला आहे, काल रात्री झोपायच्या वेळी वही घेऊन आली की आई यातलं खरं कुठलं. शाळेच्या नोट्समधे ग्लुकोजच्या एका रेणूपासून 38 एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) लिहिलंय, क्लासच्या छापील पानांवर 36, आणि यूट्यूबवरच्या कुठल्याशा दादाने 'आता 30 ते 32 म्हणायचं' असं सांगून टाकलंय. मी बीकॉम, माझं सायन्स दहावीलाच सुटलं, तेव्हा 38 पाठ केलं आणि मार्क मिळाले एवढंच आठवतंय. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे सरासरी काढ. पण खरंच, ग्लुकोज तेच, पेशी तीच, मग आकडा कसा काय बदलतो? आणि परीक्षेत काय लिहायचं तेही सांगा.

शेंगदाणा:
चारही आकड्यांची सरासरी 34 येते. भावजींना नोबेल द्या आणि धागा बंद करा.

पमाकाकू:
शेंगदाण्या, गप रे. सायली, परीक्षेचं आधी उरकून टाकते, नंतर ही विद्वान मंडळी येऊन काय घालायचा तो घोळ घालू देत. दहावीला नोट्समधे एका एनएडीएचचे 3 आणि एका एफएडीएच2 चे 2 एटीपी (हे दोघे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू) धरायला सांगितलं असेल तर उत्तर 38 च. मी वर्षानुवर्षं पेपर तपासलेत, तपासणाऱ्याकडे उत्तरपत्रिका असते त्यात जे असतं त्यालाच मार्क. फक्त लेकीला एक सांग, नुसता आकडा फेकायचा नाही, बेरीज मांडायची.

बेरीज अशी. ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज तोडून त्याचे दोन पायरुव्हेट करणं, हे पेशीद्रव्यात होतं, तिथे 4 एटीपी तयार होतात पण सुरुवातीलाच 2 खर्ची पडलेले असतात म्हणून हातात 2, शिवाय 2 एनएडीएच. मग पायरुव्हेटचं अ‍ॅसिटिल को-एन्झाइम ए होताना आणखी 2 एनएडीएच, हे तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात). मग क्रेब्ज चक्र, ते एका ग्लुकोजमागे दोनदा फिरतं, त्यातून 6 एनएडीएच, 2 एफएडीएच2 आणि 2 एटीपी. सगळं मिळून 10 एनएडीएच, 2 एफएडीएच2 आणि थेट हातात आलेले 4 एटीपी. आता 10 गुणिले 3 = 30, 2 गुणिले 2 = 4, आणि वरचे 4. झाले 38. ग्लायकोलिसिसमधले ते 4 वजा 2 बरीच मुलं विसरतात आणि 40 लिहून येतात, ते तेवढं बघ.

सायली_ठाणे:
काकू, हे पहिल्यांदाच नीट कळलं, थँक्यू! म्हणजे 38 मधले फक्त 4 थेट मिळतात आणि बाकीचे 34 त्या एनएडीएच नि एफएडीएच2 कडून येतात. मग भांडण त्या 34 चं आहे का?

माधव_डी:
बरोब्बर तिथेच बोट ठेवलंत. ते 4 कुणी नाकारत नाही. (क्रेब्ज चक्रातले 2 आपल्या बऱ्याच पेशींत जीटीपीच्या, म्हणजे एटीपीच्या भावंडाच्या, रूपात येतात, पण हिशोबाला एकच.) 10 एनएडीएच, 2 एफएडीएच2 हेही पक्कं. ते रसायनशास्त्र आहे, तिथे रेणू मोजून येतात. वाद आहे तो एका एनएडीएचचे एटीपी किती यावर.

आधी 36 चा निकाल लावतो कारण तो सोपा आहे. ग्लायकोलिसिसमधले 2 एनएडीएच पेशीद्रव्यात तयार झाले आणि त्याच्याकडचे इलेक्ट्रॉन घेऊन त्यांच्या ऊर्जेवर एटीपी बनवून देणारी इलेक्ट्रॉन वहन साखळी आहे तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर. ते पटल एनएडीएचला आत घेतच नाही, मग त्याच्याकडचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या कुणाच्या तरी मार्फत आत पोचवावे लागतात. त्याच्या दोन वाटा आहेत. यकृत, मूत्रपिंड, हृदय इथे मुख्यतः मॅलेट-अस्पार्टेट वाट, त्यात आत पुन्हा एनएडीएचच बनतं, फारसा तोटा नाही. मेंदूत आणि हातापायाच्या स्नायूंत ग्लिसरॉल फॉस्फेटची वाट जास्त चालते, तिथे इलेक्ट्रॉन एफएडीवर चढून त्याचं एफएडीएच2 होतं, म्हणजे 3 च्या जागी 2 च मिळाले. दोन एनएडीएचमागे एकेक गेला, 38 चे 36. त्यामुळे क्लासवाले चूक नाहीत, त्यांनी स्नायूचा हिशोब दिलाय आणि शाळेने यकृताचा.

उगाच_मी:
थांबा थांबा. म्हणजे मी एकच पोळी खाल्ली तरी तिच्यातल्या ग्लुकोजला यकृतात वेगळा भाव आणि पायात वेगळा? आणि हे दहावीला कुणी सांगत नाही?

शेंगदाणा:
दहावीला सांगितलं असतं तर मी आर्ट्सलाही गेलो नसतो, थेट शेती.

अभ्यासू_खार:
बॅक्टेरियामधे मात्र 38 अगदी बरोबर आहे, कारण त्यांच्यात तंतुकणिकाच नसते, मग आत न्यायचा खर्चच नाही. आम्हाला अकरावीत असंच शिकवलं होतं आणि एमसीक्यूला यायचं. त्यामुळे 38 जीवाणूंचं, 36 आपलं, विषय संपला.

माधव_डी:
खारूताई, हे बऱ्याच पुस्तकांत आहे खरं पण पटणारं नाही. आत न्यायचा खर्च वाचतो हे मान्य, पण त्यांची साखळी आपल्यासारखी लांब असते असं कुठे आहे? एटीपी बनतं ते साखळीने पटलापार ढकललेल्या प्रोटॉनच्या जोरावर, आणि आपल्या साखळीत प्रोटॉन ढकलणारी तीन ठाणी आहेत, कॉम्प्लेक्स 1, 3 आणि 4. प्रयोगशाळेतला सगळ्यात लाडका जीवाणू ई. कोलाय, त्याच्याकडे कॉम्प्लेक्स 3 नाहीच. म्हणजे एका एनएडीएचमागे ढकललेले प्रोटॉन आपल्यापेक्षा कमी, आणि एटीपीही कमी. काही जीवाणूंकडे आपल्यासारखी पूर्ण साखळी असते, काहींकडे आखूड. सरसकट 'जीवाणू म्हणजे 38' असं नाही म्हणता येत.

उगाच_मी:
ठीक, पण माझा प्रश्न वेगळाच आहे. तो 3 आणि 2 आला कुठून? कुणीतरी मोजलाच असेल ना? आणि मोजला असेल तर आता 30-32 वाले एनएडीएचचे 2.5 आणि एफएडीएच2 चे 1.5 धरतात, ते कसं झालं? अडीच एटीपी म्हणजे काय, अर्धा रेणू कुठे पडून असतो? आम्ही इंजिनियर लोक, आम्हाला असले अर्धे नग चालत नाहीत.

माधव_डी:
मस्त प्रश्न. जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

1940 च्या आसपास लोकांनी खरंच मोजायला सुरुवात केली. ऊती कुटून घ्यायची, तिला खायला द्यायचं, ऑक्सिजन किती गेला आणि फॉस्फेट किती एटीपीत अडकलं ते बघायचं, आणि फॉस्फेटला ऑक्सिजनने भागायचं. उत्तरं यायची 2 च्या वर, कधी 2.4, कधी 2.6. आता गंमत बघा. त्या काळी सगळ्यांची धारणा अशी की साखळीतल्या एकेका टप्प्यावर एखादा ऊर्जेने भरलेला मधला रेणू तयार होत असणार आणि तो आपली ऊर्जा एडीपीला (एक फॉस्फेट कमी असलेल्या एटीपीला) देऊन एटीपी बनवत असणार, जसं ग्लायकोलिसिसमधे होतं तसंच. तसं असेल तर उत्तर पूर्णांकच यायला हवं. मग 2.5 आलं की समजायचं प्रयोगात गळती झाली, खरा आकडा 3 च असणार. वर न्यायचं आणि मोकळं व्हायचं. सेव्हेरो ओचोआसारख्या मोठ्या जीवरसायनशास्त्रज्ञाने 3 सांगितला, एफएडीएच2 साठी 2 ठरला, आणि तेच पुस्तकांत गेलं.

फक्त तो ऊर्जेने भरलेला मधला रेणू काही सापडेना. वीसेक वर्षं चांगल्या चांगल्या प्रयोगशाळा त्याच्या मागे होत्या.

1961 मधे पीटर मिचेल नावाच्या ब्रिटिश माणसाने म्हटलं की असा रेणू नाहीच, शोधू नका. साखळी इलेक्ट्रॉन पुढे सरकवताना प्रोटॉन पटलाच्या आतून बाहेर ढकलते. बाहेर प्रोटॉन साचतात, आत कमी होतात, आणि ते परत आत येऊ बघतात तेव्हा त्या ओढीवर एटीपी बनतं. कोयनेसारखं समजा, पाणी वर अडवून ठेवलंय आणि बोगद्यातून खाली पोफळीला सोडलं की टर्बाइन फिरतं. आता कुणी विचारलं की धरणात एक घागर ओतली तर किती युनिट वीज, तर उत्तर पूर्णांकात यायचं काही कारण आहे का?

लोकांनी मिचेलला आधी वेड्यात काढलं. त्याने तब्येतीच्या कारणाने विद्यापीठ सोडलेलं, कॉर्नवॉलमधे एक जुना वाडा डागडुजी करून तिथेच प्रयोगशाळा थाटली होती. पण मग पुरावे यायला लागले. 1966 मधे जॅगेनडॉर्फने पालकाच्या हरितलवकांतली पटलं आधी आम्लात भिजवली आणि मग एकदम अल्कलीत टाकली, पूर्ण अंधारात, आणि एटीपी बनलं! प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनची साखळी चालू नाही, फक्त प्रोटॉनचा आतबाहेर फरक. 1974 मधे रॅकर आणि स्टोकेनियस यांनी तर कहर केला, एका सूक्ष्मजीवाचा प्रकाशावर चालणारा प्रोटॉन पंप आणि गाईबैलाच्या हृदयातलं एटीपी सिंथेज (एटीपी बनवणारं प्रथिन) एकाच मेदाच्या फुग्यात बसवलं आणि त्यावर उजेड पाडला. एटीपी तयार. या दोन प्रथिनांची आयुष्यात कधी गाठ पडायचं कारण नव्हतं, त्यांच्यात सामाईक काय तर प्रोटॉन. 1978 ला मिचेलला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता तुमचे अडीच. एका एनएडीएचमागे कॉम्प्लेक्स 1 चार प्रोटॉन ढकलतं, कॉम्प्लेक्स 3 चार, आणि कॉम्प्लेक्स 4 दोन. झाले 10. एफएडीएच2 पहिलं ठाणं सोडून मधेच चढतं म्हणून 6. एक एटीपी बनवायला सिंथेजमधून साधारण 3 प्रोटॉन जावे लागतात, आणि कच्चा माल आत आणून तयार एटीपी बाहेर पाठवायला आणखी 1. म्हणजे 4. आता 10 भागिले 4 किती आणि 6 भागिले 4 किती? 2.5 आणि 1.5. अर्धा रेणू कुठेही पडलेला नसतो. दोन एनएडीएचमागे पाच एटीपी एवढाच त्याचा अर्थ. 1991 मधे हिंकलच्या गटाने काळजीपूर्वक पुन्हा मोजलं तेव्हाही हेच आकडे आले.

मग बेरीज: 10 गुणिले 2.5 = 25, 2 गुणिले 1.5 = 3, वरचे 4, एकूण 32. ग्लिसरॉल फॉस्फेटची वाट धरली तर 30. यूट्यूबच्या दादाने '30 ते 32' म्हटलं ते यामुळे.

सायली_ठाणे:
बापरे. मी दोनदा वाचलं, लेकीनेही वाचलं. तिचं म्हणणं की मग 1940 च्या लोकांनी 2.6 आलं होतं तेच लिहून ठेवायला काय झालं होतं.

पमाकाकू:
पोरगी हुशार आहे गं. प्रॅक्टिकलला आमची मुलं हेच करायची, आधी उत्तर ठरवायचं मग वाचनं जुळवायची, त्यांना आम्ही ओरडायचो. मोठ्या लोकांना कोण ओरडणार.

उगाच_मी:
माधवराव, पटलं. पण '3 प्रोटॉन साधारण' हे साधारण का? टर्बाइनला पाती असतात, ती मोजता येतात ना?

माधव_डी:
मोजलीत. हे सिंथेज खरोखर फिरतं बरं का, उपमा म्हणून नाही. पॉल बॉयरने ते फिरत असणार असं मांडलं, जॉन वॉकरच्या गटाने 1994 ला रचना दाखवली, दोघांना 1997 चं नोबेल मिळालं, आणि त्याच 1997 मधे जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या दांड्याला चमकणारा धागा चिकटवून तो सूक्ष्मदर्शकाखाली गरगर फिरताना पाहिला. एका पूर्ण फेरीत 3 एटीपी बनतात. आणि फेरी पूर्ण व्हायला त्याच्या फिरत्या चाकात जेवढे भाग तेवढे प्रोटॉन लागतात. हे भाग सगळ्या सजीवांत सारखे नाहीत, गाईबैलांत 8, यीस्टमधे 10, पालकाच्या हरितलवकात 14. आपलं चाक 8 चंच धरतात. मग 8 भागिले 3 म्हणजे 2.67, त्यात ने-आणीचा 1 मिळवला की 3.67, आणि 10 ला त्याने भागलं तर 2.7 च्या आसपास. म्हणजे 32 च्याही थोडं वर सरकतं. पण हे सायलीताईंच्या लेकीला सांगू नका, दहावी होऊ दे.

सायली_ठाणे:
तिने वाचलं 😀

डॉ_रेणू:
उशिरा आले. सगळं छान चाललंय पण एक कुणीच बोललं नाही, 32 हा कमाल आकडा आहे. प्रत्यक्षात पेशीला तेवढे मिळत नाहीत कारण पटल गळतं. प्रोटॉन सिंथेजमधून न जाता असेच परत आत झिरपतात आणि त्या ऊर्जेची उष्णता होते. उंदरांवर मोजलंय, विश्रांतीच्या वेळी जेवढा ऑक्सिजन वापरला जातो त्याचा साधारण पाचवा हिस्सा या गळतीत जातो. आणि ही गळती मुद्दामही केली जाते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही, त्याच्या पाठीला, मानेजवळ तपकिरी चरबी असते, तिच्या तंतुकणिकांत एक खास प्रथिन प्रोटॉनना वाट करून देतं, एटीपी नाही बनलं तरी चालेल पण बाळ गरम राहिलं पाहिजे.

आता यातली धोक्याची गोष्ट. डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन नेमकं हेच करतं, पटलातून प्रोटॉन आरपार नेतं. 1930 च्या दशकात अमेरिकेत ते वजन कमी करायची गोळी म्हणून धडाक्यात विकलं गेलं. वजन उतरायचं खरं, कारण खाल्लेलं बरंचसं उष्णतेत जळायचं. पण लोकांना मोतीबिंदू झाले, काही जण अंगातला ताप आवरेना म्हणून मेले. तिथे 1938 च्या कायद्यानंतर ते बंद झालं. तरी अजून इंटरनेटवर 'फॅट बर्नर' म्हणून मिळतं आणि अजून माणसं मरतात. याला उतारा नाही. जिमला जाणारी मुलं घरात असतील तर हे त्यांच्या कानावर घाला.

शेंगदाणा:
मघापासून जोक मारतोय पण हे वाचून गप्प झालो. जिममधला एक जण असलंच काहीतरी मागवायच्या गोष्टी करत होता, त्याला लिंक पाठवतो.

उगाच_मी:
डॉक्टर, मग असा कुणी आहे का ज्याला ही भानगडच नाही? ना गळती, ना अडीच?

डॉ_रेणू:
आहे ना, तुमच्याच रक्तात. तांबड्या पेशी. पूर्ण वाढ झालेल्या तांबड्या पेशीत ना केंद्रक ना तंतुकणिका. सगळा ऑक्सिजन वाहून नेते पण स्वतः वापरत नाही, तिचं सगळं घर ग्लायकोलिसिसच्या 2 एटीपीवर चालतं. आणि 2 म्हणजे 2 च, मेंदू-यकृताचा फरक नाही. एनएडीएच पुन्हा रिकामं करायला पायरुव्हेटचं लॅक्टेट करते, ते रक्तातून यकृताकडे जातं, यकृत स्वतःचे 6 एटीपी खर्चून त्याचं परत ग्लुकोज बनवतं. यकृत बिचारं सगळ्यांची उस्तवार करतं.

गोदाकाठ:
इतकं एटीपी एटीपी चाललंय आणि एका आपल्या माणसाचं नाव नाही आलं म्हणून लिहितोय. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमला 1895 चा जन्म, हार्वर्डला सायरस फिस्केबरोबर काम, तिथे आधी फॉस्फरस मोजायची पद्धत बसवली जी पुढे जगभर वापरली गेली, मग स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन शोधलं, आणि 1929 मधे एटीपी. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमाननेही स्वतंत्रपणे शोधलं आणि पुस्तकांत बहुतेक त्याचंच नाव येतं. सुब्बारावांना हार्वर्डने कायम नोकरी दिली नाही. मग ते लेडर्ली कंपनीत गेले आणि त्यांच्या हाताखाली फॉलिक अ‍ॅसिडचं उत्पादन, ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक आणि ल्युकेमियावरच्या पहिल्या औषधांपैकी एक अशी कामं झाली. 1948 ला गेले. 1995 ला आपल्या टपाल खात्याने तिकीट काढलं. दहावीच्या मुलांना क्रेब्ज पाठ असतो, हे नाव शंभरात एकालाही माहीत नसतं, याचा मला मनापासून राग येतो.

पमाकाकू:
गोदाकाठ, मीही शिकवताना कधी नाव घेतलं नाही, कुणी आम्हालाच सांगितलं नव्हतं. आता नातवाला सांगते.
आणि क्रेब्जचा विषय निघालाच आहे तर, त्याने 1937 ला हे चक्र लिहून नेचर या नियतकालिकाला पाठवलं होतं, त्यांनी सध्या जागा नाही म्हणून परत केलं. पुढे 1953 ला नोबेल.

अभ्यासू_खार:
एक उरलंच. 38 वरून 32 झाले म्हणजे पेशीची कार्यक्षमता पण घटली का? आम्ही '40 टक्के' पाठ केलंय.

माधव_डी:
ते 40 टक्के असे येतात: ग्लुकोज पूर्ण जाळलं तर मोलमागे 686 किलोकॅलरी, एटीपीची 7.3, मग 38 गुणिले 7.3 म्हणजे 277, झाले 40 टक्के. 32 घेतले तर 34 टक्के. पण 7.3 ही प्रमाणित स्थितीतली किंमत आहे, सगळं समान तीव्रतेत ठेवलेलं. जिवंत पेशीत एडीपी फार कमी आणि एटीपी भरपूर असतं, त्यामुळे एका एटीपीची खरी किंमत 12 च्या आसपास जाते. मग 32 गुणिले 12, म्हणजे निम्म्याहून जास्त ऊर्जा हाती लागते. एटीपी कमी झाले तरी पेशी आधी वाटली होती त्यापेक्षा काटकसरीच निघाली.

सायली_ठाणे:
सगळ्यांचे आभार! लेकीने वहीत असं लिहिलंय: 'एनएडीएच = 3, एफएडीएच2 = 2 धरून 38', आणि खाली पेन्सिलने 2.5 ची बेरीज. चालेल ना काकू? आता तिचा नवीन प्रश्न, फक्त ग्लुकोजच का, तेल-तुपातून किती मिळतात?

पमाकाकू:
चालेल. 'धरून' हा शब्द मात्र खोडू नको म्हणावं.

माधव_डी:
तेल-तुपातलं पामिटिक आम्ल घे म्हणावं तिला, सोळा कार्बनचं. दोन दोन कार्बनचे तुकडे पडतात, आठ तुकडे, म्हणजे सात काप. प्रत्येक कापामागे 1 एनएडीएच, 1 एफएडीएच2. प्रत्येक तुकडा अ‍ॅसिटिल को-एन्झाइम ए होऊन क्रेब्ज चक्रात जातो, तिथे त्याचे 3 एनएडीएच, 1 एफएडीएच2, 1 एटीपी. आणि सुरुवातीला कामाला लावायला 2 एटीपी खर्च. जुन्या भावाने 129 येतात, नव्या भावाने किती ते तिलाच काढू दे.

सायली_ठाणे:
106 म्हणतेय.

माधव_डी:
बरोबर.